इतर (कृपया नमूद करा)

मी दुभाषा. माझं काम
एका तोंडातलं दुसऱ्या तोंडात नेणं,
वाटेत न सांडता.

आज घर एकशे बारा, विभाग तीन, युंबे जिल्हा, युगांडा.
किडेन दारात ज्वारी पाखडते आहे.
जिनिव्हाहून आलेल्या रेगुलाच्या बुटांना
इथली लाल माती अजून नीट चिकटलेली नाही.
पण बाई वाईट नाही. बसायला स्टूल दिलं
तर तिने ते शेजारच्या म्हातारीकडे सरकवलं.

एक ते नऊ: माणसं किती, ताडपत्री गळते का,
नळ किती पावलांवर.
किडेन भराभर सांगते, हे तिचं पाठ आहे.
सहा वर्षांत अकरा जण विचारून गेले,
सगळ्यांनी मान हलवली.
नळ होता तिथेच आहे.

दहावा: रेशन घटल्यापासून कसं भागवता?
ती सूप झटकते.
"भागवत नाही.
भागतं तेवढ्यालाच भागलं म्हणायचं."
हे इंग्रजीत नेताना निम्मं सांडलं.

अकरावा प्रश्न नाही, बोटं ठेवायची आहेत.
दगडावर दळून दळून रेषा झिजलेल्या,
यंत्र तीनदा म्हणालं, जुळत नाही.
किडेन हसली. "काजो-केजीतल्या पोरांना विचार म्हणावं.
एकोणीस वर्षं ह्याच बोटांनी बाहेर काढली."
सुईणपणाचा परवाना आहे तिच्याकडे,
पिशवीत, पिशवी पिठाच्या डब्यात,
पण तो पलीकडच्या सरकारचा.
इथल्या दवाखान्याने फरशी पुसायचं काम देऊ केलं होतं.
रेगुलाने हे वहीत लिहून घेतलं.
टॅबलेटवर त्याला जागा नव्हती.

चौदावा: जमीन किती?
कागदावर तीस मीटर बाय तीस मीटर.
आणि किडेनची ज्वारी तर थेट ओढ्यापर्यंत गेलेली.
मालकी, भाडं, वाटा, की इतर?

तेव्हा स्टुलावरून चांदिरू बोलली.
जमीन तिची. ती इथलीच, पिढ्यान् पिढ्यांची,
पण बोलली माझ्या भाषेत,
माझ्या आईच्या हेलात.
मी भाषांतर करायचं विसरलो.

"ऐंशीच्या सुमाराला आमच्या छपरांना आग लावली सैनिकांनी.
तुम्ही आलात त्याच वाटेने आम्ही गेलो,
तोंड तिकडे करून.
पाठीवर एक पोर, पोटात एक.
तिथे एका बाईने शियाच्या झाडाखालचा तुकडा दाखवला.
पोनी नाव. ह्या किडेनची कुणी लागत नव्हती.
सहा हंगाम पेरलं मी. निघताना म्हटलं, काय देऊ?
म्हणाली, उसनं आहे. कुणाकडे तरी फेड."

"म्हणजे दान," रेगुला म्हणाली.
मी ते नेलं, आणि म्हातारी उसळली.
"दान द्यायला मी काय देव आहे? उसनं!
आणि हेही लिही,
सरपणाला टेकडी उरली नाही.
नातवाच्या वर्गात एकशे चाळीस पोरं,
खडूचा तुकडाही वाटून घेतात.
ही सकाळी माझ्या बांधावरून लाकडं नेते
आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलत नाही.
मग बोलते.
आमचं चाललंय, एकमेकींचं फेडत.
हिला विचार, हिच्या गावाने कधी कुणाचं उसनं घेतलं होतं का?
घेतलं असेल तर ते
कुणाकडे फेडायचं ठरलंय?"

हे मात्र मी जसंच्या तसं नेलं.
एक थेंब सांडला नाही.

रेगुला बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
साठ अक्षरांची चौकट,
त्यात एक उभी रेघ
लुकलुकत, थांबत, लुकलुकत.

किडेनने सूप पुन्हा उचललं.
फोल वाऱ्यावर गेलं,
थोडं माझ्या शर्टावर, थोडं
रेगुलाच्या वहीत.